लागेल तसं पाणी

औसा रोडच्या कॉलेजात मी स्टोअर सांभाळतो.
माझ्या वहीत देशांची नावं नसतात, वजनं असतात.
त्या दिवशी लिहिलं :
मटण सहा किलो, मेंढीचं मिळालं नाही, बोकडाचं.
बटाटे दहा, कांदे पाच.
गाजर दोन, आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह,
कारण संभाजीनगरहून आलेले परीक्षक
चहा पिता पिता म्हणाले होते, गाजर अस्सल नाही.

बारा शेगड्या, बारा पातेली.
फळ्यावर खडूनं : आयरिश स्ट्यू, पारंपरिक.
खाली कृती, शेवटची ओळ :
पाणी, लागेल तसं.
ती वाचून मागच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.
टँकर तीन दिवस आला नव्हता.

परीक्षक एकेका पातेल्यावर वाकत गेले.
इथं मिरी जास्त. इथं रस्सा दाट.
इथं येसराचा वास कसा काय येतोय?
कुणी बोललं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कुणाच्या डब्यातून.

निखत तांबोळीपाशी थांबले.
"गाजर का टाकलंस?"
"हातात होतं सर."
"आणि ह्याला आयरिश म्हणायचं?"
ती पळी पुसत राहिली. मग म्हणाली,
"सर, बटाटा तरी त्यांचा कुठं होता?
जहाजातून आला.
मग तोच खाल्ला, सकाळी तोच, रात्री तोच, ताकासोबत.
आणि एका साली जमिनीतच सडला."
कुणीतरी गॅस बारीक केला.
"एकच खारा मासा असायचा म्हणे, चुलीवर टांगलेला.
बटाटा त्याच्याकडं दाखवायचा
आणि नुसता बटाटा खायचा.
सर, ह्यातलं अस्सल काय लिहू? मासा?
का दाखवणं?"

परीक्षकांनी चष्मा काढला, घातला.
ती थांबायलाच तयार नव्हती.
"दुष्काळात त्यांना अमेरिकेतून पिवळा मका आला.
दळायला जड, पोटाला जड.
त्याला ते इंडियन म्हणायचे."

मी काट्यापाशी उभा होतो.
माझ्या हातात अर्धा किलोचं वजन होतं, ते खाली ठेवलं.

मिलो.
कित्येक वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता.
बहात्तर साल, मी सात वर्षांचा.
बारीक, तांबडी, बोटीतून आलेली ज्वारी.
थापली की फाटायची, भाजली की दगड.
माय पाझर तलावावर खडी फोडायली
आणि मी सुकडीच्या रांगेत, डब्याचं झाकण वाजवत.
आता बार्शी रोडला पाट्या लागल्यात,
अस्सल मराठवाडी थाळी.
धपाटे, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर ठेचा.
मिलो कुठल्याच ताटात नाही.
मीही मागितली नसती. कशाला मागू?
पण हाडं त्या दोन सालांत वाढली, ती काय
ठेच्यावर वाढली?

मिरचीही बोटीतूनच आलेली,
हे निखतनं मला नंतर सांगितलं, स्टोअरच्या दारात.
मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.
बटाट्याचं ठीक होतं. मिरचीचं
मनाला लागलं.

मार्क किती दिले, मला दाखवत नाहीत.
परीक्षक पाचच्या गाडीनं गेले.
उरलेलं आम्ही खाल्लं, मी, शिपाई, झाडणारी कौसाबाई,
भाकरी कुस्करून, वरून कांदा फोडून.
बिनतिखटाचं, पांढुरकं, आजाऱ्याला द्यावं तसं.
कौसाबाई म्हणाली, "बरंय की.
कुण्या गावचं हाय?"
मी म्हणलं, लांबचं.
तिनं पातेलं बोटानं पुसून घेतलं, धुवायला पाणी कमी होतं.

संध्याकाळी वही पुरी केली.
मटण निरंक. बटाटे दोन किलो शिल्लक.
गाजर निरंक.
प्रश्नचिन्ह खोडायचं राहिलं.