तोळाभर

कराडला, कोल्हापूर नाक्यावर, पहाटे पावणेपाचला
बंगळूरची गाडी थांबली.
क्लीनरनं खोकं माझ्या हातात दिलं, पण सोडलं नाही.
"लईच हलकंय. काय हाय यात?"
मी म्हणालो, पाल.
त्यानं सोडलं.

विट्यापर्यंत मांडीवर धरून आणलं,
डाव्या खिडकीशी बसून, कडेगावपुढं ऊन लागू नये म्हणून.
खोक्याला चार भोकं. एकाला कान लावला.
काही नाही.
मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात,
खोक्यातली चुकचुकली असती तर बरं झालं असतं.

शालन दारातच उभी.
"लोक पाल जावी म्हणून भिंतीला मोरपीस लावतात.
तुम्ही साडेआठ हजार मोजून आणलीत.
वर तिचा सरकारी नोंदणीचा कागद.
आपल्या लग्नाची नोंद अजून कुठं नाही."

मी ओल्या कागदाच्या घड्या उलगडत होतो.
आत विटकरी रंगाचं काहीतरी, बोटाला चिकटलं.
डोळ्यांवर काट्यांची झालर, शेपटीपर्यंत गेलेली.
पापणीच नाही, पापणीचे केस मात्र आहेत.
जिभेनं डोळा पुसला त्यानं, आधी डावा, मग उजवा,
प्रवासातून उतरलेला माणूस चष्मा पुसतो तसा.

वजन केलं.
काटा अजून आहे माझ्याकडं,
कोइमतूरच्या गल्लीत तीस वर्षं
ज्याच्यावर दुसऱ्यांचं सोनं तोललं.
डब्यासकट ठेवलं, डबा वजा केला.
अकरा ग्रॅम, सहाशे साठ मिली.
एक तोळा. बरोब्बर.
सवयीनं पावती लिहायला पेन उचललं.

"चौदा दिवस हात लावायचा नाही," विकणारा पोरगा फोनवर म्हणाला,
"खाल्लं नाही तरी घाबरायचं नाही.
फवारा सकाळी थोडा, रात्री जास्त.
आणि अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, काका."
काका गप्प.
काकानं हजार अंशांपुढं बसून जन्म काढला,
तेजाबाच्या पिवळ्या धुरात खोकत.
उजव्या करंगळीचं एक पेर तिकडंच राहिलं.
"घाबरलं तर शेपटी टाकतं. पुन्हा येत नाही ती."
म्हटलं, माहितीय.
"नाही काका, भिंतीवरच्या पालीला येते. याला नाही."
म्हटलं, तेच म्हणतोय.

एप्रिलात विट्याचा पारा एकोणचाळीस.
काचेच्या पेटीला ओलं तरट गुंडाळलं,
पुढं टेबलफॅन, मागं बर्फाच्या बाटल्या.
भट्टीचा भाता मारायचो तेव्हा आगीकडं बघत,
आता पंख्याची मान धरून काट्याकडं बघतो.
सत्तावीस. साडेसत्तावीस.
नळाला पाणी चौथ्या दिवशी.
शालन कळश्या मोजते.
मी फवाऱ्यात फिल्टरचं पाणी भरतो
आणि तिच्याकडं बघत नाही.

दिवसभर ते पानामागं, पान होऊन.
रात्री काचेवर पावलं, ओली, बारीक,
थेंब चाटत वर जातं.
झाकणातली केळाच्या वासाची पेस्ट
पाच सकाळी तशीच, वर साय धरलेली.
सहाव्या सकाळी कडेला एक खाच,
तांदळाच्या कणीएवढी.
शालननंच दाखवली.
मला वाटलं होतं, ती त्या कोपऱ्याकडं फिरकतही नाही.

पंधराव्या रात्री पुन्हा काट्यावर घेतलं.
बारा ग्रॅम दहा.
साडेतीन गुंजा वाढ, हिशेबाच्या वहीत लिहिली,
घट आणि तूट असे दोनच रकाने होते तिच्यात,
तिसरा आखावा लागला.

दिवा घालवला.
अंधारात शालन कूस बदलत म्हणाली,
"जगतंय वाटतं."
तेवढ्यात चुक् चुक् चुक्.
भिंतीवरची की पेटीतली, दोघांनाही कळलं नाही.
तिनं पलंगाच्या लाकडावर तीनदा बोट वाजवलं,
कृष्ण, कृष्ण, म्हणाली,
आणि पंख्याचं तोंड
अजून थोडं तिकडं वळवायला सांगितलं.