माशा सोडण्याचं काम

"ती माशा मारते," असं नवरा सांगतो
कुणी माझं काम विचारलं की. आणि हसतो.
खरं म्हणजे मी माशा सोडते.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
आधी जिथं सोळा माग चालायचे ती शेड.
फरशीत अजून बोल्टांची भोकं आहेत,
पत्र्याखालच्या कोळिष्टकांत लाल-हिरवा तंतू,
कुठल्या चादरीतला कोण जाणे.
तिथं ट्रेमधून कोश येतात, कोंड्यातून चाळून घेतलेले.
काळा कोश मादीचा. तंबाखूच्या रंगाचा, नराचा.
माझ्या बोटांना हे शिकवावं लागलं नाही.
नवव्या वर्षापासून विड्या वळल्यात अम्माशेजारी,
पंचवीसची जुडी डोळे मिटून बांधलीय.
मॅडम म्हणाल्या, यंत्रापेक्षा तुमचा हात साफ.

अम्मा अजून रोज सातशे वळते.
"ईगलु पाळूलालीस? अन् वर पगार?"
मी समजावते: नर मशिनमध्ये जातात,
शिशाचं जाड दार, आत न दिसणारा उजेड,
काही मिनिटं, बस.
बाहेर आल्यावर उडतात तसेच, खातात तसेच,
मादीमागं लागतात तसेच.
पुढं काही होत नाही, एवढंच.
मादी बहुतेक एकदाच जुळते,
यांच्याशी जुळली
की तिची अंडी शेणावरच सुकतात.
अम्मा तेंदूच्या पानाला कात्री लावत म्हणते,
"म्हणजे फसवणूकच की."

रात्रपाळीचे वॉचमन शरणप्पा हत्तुरे, वय त्र्याहत्तर,
एकदा जाळीपाशी उभे राहिले बराच वेळ.
"त्यांना कळतं का, बाई?"
"काय?"
"हेच."
मी म्हटलं, माशीला काय कळणार.
"बरोबर," म्हणाले.
मग बशीतल्या चहावर फुंकर मारत:
शहात्तर साली गिरणीच्या गेटावर ट्रक आलता.
तुपाचा डबा मिळाला. डबा चांगला निघाला,
अजून ज्वारी ठेवतो त्यात.
चहा संपला. त्यांनी बशी विसळून पालथी घातली.

सोडायचा दिवस गुरुवार, उजाडायच्या आत.
पाठीवर गुलाबी पावडर, ओळखू यावेत म्हणून.
कुंभारीच्या घरकुलामागं म्हशींचे गोठे,
तिथं खोके उघडायचे, एक सोडून एक.
झाकण शरणप्पाच काढतात, हळू,
झोपलेल्या पोरावरचं पांघरूण काढावं तसं.
पहिल्या दिवशी बायका अंगावर आल्या:
"आधी काय कमी होत्या, अजून आणून सोडलालाव?"
त्यांचं खोटं नव्हतं. हेही घाणीवरच बसतात.
गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतली तीन पोरं सलाईनवर होती,
पाणी पाचव्या दिवशी, हांड्यांच्या कडा काळ्या माशांनी,
त्यातलं नागमणीचं धाकटं परत आलं नाही.
मी सगळ्यांना फक्त म्हटलं,
दसऱ्यापर्यंत थांबा.

श्रावणात माशी शिंकली.
अकरा तास लाइट गेली, कूलर बंद,
अख्खी एक खेप ट्रेमध्येच मेली.
झाडूनं भरली आम्ही. मॅडम रडल्या नाहीत,
चष्मा मात्र तीनदा पुसला.
मग पुन्हा कोंडा, पुन्हा काळा, पुन्हा तपकिरी.
चिकट कागद मोजते मी दर सोमवारी:
गुलाबी इतके, बिनरंगाचे इतके.
बिनरंगाचे कमी होतायत. सावकाश.
वहीत लिहिते, मोठ्यानं बोलत नाही.

काल दुपारी जेवताना
अम्माच्या कडक भाकरीच्या काठावर एक येऊन बसला.
पुढचे पाय चोळत, निवांत.
अम्मानं सूप उचललं.
मी तिचा हात धरला, "थांब. पाठ बघ त्याची."
तिनं डोळे बारीक केले. गुलाबी.
"आपला आहे," मी म्हटलं.
अम्मानं सूप खाली ठेवलं.
भाकरीचा तेवढा तुकडा मोडून बाजूला टाकला, म्हणाली,
"मग हितं काय करलालाय? जा म्हणावं कामावर."