वर काही ठेवायचं नाही

पद्मजानं भिंतीवर पेन्सिलीनं आखूनच ठेवलं होतं:
साडेपाच फूट लांब, सव्वा फूट उंच.
खण एकच. काच नको. नक्षी नको.
वायरी दिसता कामा नयेत.
आणि वर काही ठेवायचं नाही.
हे शेवटचं तिनं माझ्याकडं बघून सांगितलं.

जुन्या शोकेसवर काय नव्हतं?
गड्ड्यातनं आणलेला मान हलवणारा म्हातारा,
लुनाची किल्ली (लुना विकून अकरा वर्षं झाली),
बीपीच्या गोळ्या,
पाणी कुठल्या वारी येणार त्याची चिठ्ठी,
लग्नातलं घड्याळ, अजून प्लॅस्टिकमधे,
रिमोट, आणि वेगळं, रिमोटचं झाकण.
या सगळ्यात कुठंतरी टीव्ही.

होटगी रोडच्या दुकानात एसी होता
म्हणून नायनाही आले.
बाहेर त्रेचाळीस.

बिराजदारांचा पोरगा चुणचुणीत. म्हणाला,
हल्ली सगळे साधंच मागतात, वहिनी.
साधं होतंही. जितकं कमी तितकं महाग:
दोन खण, चौदा हजार.
एक खण, एकोणीस.
नुसती फळी भिंतीत रोवलेली, पाय नाहीत, काही नाही,
सव्वीस.
दहा बाय बाराच्या खोलीत
सुताच्या खोक्यावर आमचा ब्लॅक अँड व्हाईट होता.
त्या हिशेबानं आम्ही तेव्हा
लाखांत लोळत होतो.

प्रत्येक युनिटवर टीव्ही चालू,
सगळ्यांवर एकच समुद्र, तेच मासे.
नायना एकेकापाशी थांबायचे,
तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे.
पोरगा म्हणाला, आजोबांना लाकडातलं कळतं वाटतं.

नायनांना लाकडातलं काही कळत नाही.
एकतीस वर्षं साखर पेठेत चार मागांच्या मधे उभे राहिले,
कान तिथंच ठेवून आले.
मशीन आणलं, तर म्हणाले
भांड्यांची मांडणी पडल्यागत होतंय, काढ.
तेव्हापासून बातम्या ते शोकेसच्या फळीवर
हात ठेवून बघतात.
मला रोज दिसायचं.
मला वाटायचं, टेकायला ठेवतात.

भिंतीतल्या फळीपाशी ते बराच वेळ उभे होते.
टीव्ही वर खिळ्याला, फळी खाली वेगळी.
"इदि मूगदि," म्हणाले.
मुकी आहे ही.
संगमरवरी छापाच्या पांढऱ्याला तर
त्यांनी दुसऱ्यांदा हातसुद्धा लावला नाही.

कोपऱ्यात एक होतं. साग म्हणे,
पातळ फळ्या, पोकळ पोट, चार पाय,
मागं वायरीपुरतं एक भोक.
नायनांनी हात ठेवला
आणि पोराला खुणावलं, वाढव.
वाढवला. आणखी.
गिऱ्हाइकं वळून बघायला लागली,
मासे गर्जत होते.
पद्मजा टेप घेऊन आली:
साडेचार फूट. खण दोन.
ती काही बोलली नाही.
तिनंही तळवा टेकवला, त्यांच्या हाताशेजारी,
थोडा वेळ.
मग पोराला म्हणाली, शेवटचं सांगा.

आता हॉलमधे तेवढंच आहे.
पेन्सिलीची रेघ दोन्हीकडं सहा-सहा इंच उघडी.
वायरी त्या भोकातून मागं, एक दिसतेच.
म्हातारा माळ्यावर, लुनाची किल्ली खणात.
वर काही नाही. नियम पाळतो आम्ही.
सातच्या बातम्यांना फक्त एक हात असतो,
तुटलेल्या ताराच्या गाठी मारून मारून
अंगठ्याला चर पडलेला.

परवा मधेच लाईट गेली.
मी अंधारात पंख्याकडं बघत बसलो.
नायनांनी हात काढला नाही.
थोड्या वेळानं म्हणाले,
ट्रक येतोय. भरलेला आहे.
मी म्हटलं, कुठं काय.
मग खिडकीची काच थरथरली
आणि मलाही ऐकू आला.