हरकत असल्यास

मुहर्रकच्या या गल्लीत सतरा दारं.
सतरा नोटिसा, सतरा पोच, एक मी.
नकाशा मीच रंगवला ऑफिसात :
पिवळं होतं तिथं आता जांभळं,
दोन मजल्यांच्या जागी सहा.

तेराव्या दारी मालक वारलेला,
वारस आठ, तोंडं आठ दिशांना.
आतून अकराजण आले लुंग्या सावरत,
एकाच्या गालाला साबण तसाच.
"आमचं काय लिहिलंय?"
कागद उलटून पाहिला.
भाडेकरूला रकाना नाही.

पुढच्या दारी उम्म जासिम.
चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचलं
माझ्या मोडक्या अरबीत :
तीस दिवसांत, हरकत असल्यास, लेखी.
तिनं विचारलं, कनारचं काय?
ती कनार म्हणते, मी बोर.
भिंतीबाहेर दीड हात झुकलेली,
नकाशात नव्हती.
एकास दोन हजारांत बोर बसत नाही,
हे अरबीत कसं सांगतात?

तिनं सही केली, सावकाश,
शाळेतल्या मुलीसारखी जीभ बाहेर काढून.
मग ओंजळभर बोरं
थेट माझ्या पिशवीत, उरलेल्या तीन नोटिसांवर.

साहेब म्हणाले, कागदांवर डाग कसले?
म्हटलं, गल्लीतले.

रात्री खोलीवर बोरं खाल्ली. दोन किडकी निघाली.
बावीस वर्षं राहतोय इथं, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला.
ही खोली कुठल्या रंगात येते
ते रंगवताना बघायचं राहूनच गेलं.