तर्रीचा रकाना

पायगुड्यांची वही मी लिहितो, एकोणीस वर्षं झाली.
दांडियाबाजारात, सायकलच्या दुकानाला लागून
सहा बाकं, एक शेगडी
आणि भिंतीवर तेलकट झालेला जीएसटीचा नंबर.

काल बातम्यांत कुणी सांगत होतं,
सेवा क्षेत्राचा वाटा इतके टक्के.
टक्के मला कळतात, पोट त्यावरच आहे.
पण डोळ्यांपुढे आली ती चैत्रातली अकरा पानं,
पायगुड्यांची बायपास झाली तेव्हाची:
जमा शून्य. जमा शून्य.

पहिल्या दिवशी नुसती गिऱ्हाइकं परत गेली.
दुसऱ्या दिवशी मकरपुऱ्याचा पाववाला
चारशे पाव घेऊन उभा, शटरकडे बघत,
जसं काही ते उत्तर देणार होतं.
मग हाथीखान्यातून कोठारींचा फोन:
वाटाण्याची दोन पोती उचला की,
कॅनडाचा माल आहे, डॉलरने घेतलाय,
तुमच्या शेठच्या छातीला मी काय करू?
मग गप्प झाला. मग म्हणाला, कसे आहेत?

मंछाबेन रोज शंभर लिंबं द्यायची.
ती तिने देवळापाशी निम्म्या भावात विकली
आणि भिशीचा हप्ता चुकवला.
त्या महिन्याची भिशी कुणाला लागली होती,
तिथवर माझी वही पोचत नाही.

रमसू डामोर भांडी घासतो.
दर सोमवारी फोनवरून बापाला आठशे पाठवायचा.
त्या सोमवारी लिमखेड्याच्या बसने स्वतःच गेला.
बाप म्हणाला म्हणे, पैसे नाहीत, मग तू कशाला आलास?
हसत सांगत होता.
मी हसलो नाही.

बाराव्या दिवशी वैजयंतीनं शटर उचललं,
पायगुड्यांची थोरली, बँकेतून रजा काढून.
पहिल्या पातेल्यात मीठ विसरली.
कुणी बोललं नाही, वरून घेतलं.
दुपारपर्यंत गल्ली हलायला लागली,
टेम्पो, सिलिंडर, लिंबांची टोपली,
शेजारच्या पानवाल्याचा खोकलासुद्धा.

संध्याकाळी वही उघडली.
एक प्लेट चाळीस. पावाला इतके, वाटाण्याला इतके,
सरकारला इतके, रमसूच्या सोमवारला इतके.
सगळं जुळलं, पैशासकट.

तेवढ्यात एका रंगाऱ्यानं वाटी पुढे केली,
बेन, तर्री.
तिनं ओतली, काठोकाठ.
दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही.
पायगुडे तर्रीचे पैसे घेत नाहीत, कधीच नाही.
मी पेन उचललं, रकाना शोधला,
पेन ठेवलं.
माझ्यासाठी एक प्लेट सांगितली
आणि गल्ल्यात चाळीस टाकले,
जुळलेली बेरीज पुन्हा चुकवत.