पितृपंधरवडा, मिरज

पित्रांच्या पंधरवड्यात बँडवाल्याला कोण विचारतो.
म्हणून ह्याच दिवसांत गाठायचा
इलाही बागवान, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी.
भोपळ्यांच्या उतरंडीत बसून तो
पितळेची दुखणी काढतो.

माझं बॅरिटोन, खालच्या षड्जाला खोकणारं.
त्याच दिवशी जतचा रावसू ऐवळे आला,
सरळसोट सोप्रानो बगलेत, छत्रीसारखं.
तासगावचा वायदंडे अल्टो घेऊन.
कवठ्याच्या गुंडा हेगडेचं टेनर तर
आठ दिवस खुंटीलाच.

इलाहीनं चारही पोत्यावर मांडली
आणि त्याचा हात थांबला.
चौघांच्या पाठीवर एकच शिक्का,
आकडे एकामागोमाग.
"अरे, ही तर सख्खी भावंडं!"

मग आठवलं, वडील सांगायचे ते.
संस्थान विलीन झालं त्या उन्हाळ्यात
दरबारी बँडचा लिलाव,
झुंबरं, बग्गीची चाकं, आणि मधेच ही चार.
बॅरिटोनला बोलीच लागेना,
मोडीच्या भावानं आलं आमच्या घरात.

सोप्रानोच्या पेटीत, फाटक्या अस्तराखाली
एक कागद. ओळींवर मुंग्यांची रांग.
मिशन दवाखान्यातल्या मार्थाबाई भोरे,
रविवारी चर्चात ऑर्गन वाजवणाऱ्या,
चष्मा पुसत म्हणाल्या,
"चौघांचंच आहे हे. ढोल नाही, ताशा नाही.
हे वाद्य ज्यानं घडवलं ना, त्याच्या काळापासूनची रीत.
बिचाऱ्याचं दिवाळं निघालं. तीनदा."
"म्हणजे आपल्यातलाच," इलाही म्हणाला.

बाईंनी एकेकाची ओळ गाऊन दाखवली,
आम्ही सरगम लिहून घेतली
रद्दीच्या पावत्यांमागं.

तिसऱ्या दुपारी
शेजारी जवारी काढणारी कानस थांबली.
रावसूनं सूर धरला, वायदंडे त्याला बिलगला,
गुंडा मधनं वाट काढत,
आणि मी खाली.

बावीस वर्षं फुंकतोय वरातीत,
ताशाखाली, फटाक्यांखाली, जनरेटरखाली.
माझं काय वाजतं
मला माहीतच नव्हतं.
भिंतीला लावलेले कोरे भोपळे
आपोआप घुमायला लागले.

सोळा मात्रा नीट गेल्या असतील.
पुढं गुंडा चुकला, हसला,
सगळंच कोसळलं, आणि चहा आला.

तुळशीच्या लग्नानंतर पहिली सुपारी कुपवाडची.
ताशा तापला. पोरं नाचायला लागली.
भलत्याच गाण्याखाली मी
त्या कागदातली माझी ओळ फुंकली, अख्खी.
मास्तर वळलासुद्धा नाही.
नवरदेवाच्या घोडीनं तेवढा
एक कान हलवला.