गाठीचं नाव

सान मामेदच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे
पत्र्याची एक लांबलचक शेड आहे.
गुरुवारी चार वाजता मी तिथे पुस्तक घेऊन जाते,
कारण वाचनालयात त्या कधीच येणार नाहीत.
हात गुंतलेले, आणि दोसिंदा म्हणते,
तुमच्या खुर्च्यांना डांबराचा वास लागेल.

आज गावाचा इतिहास. जाडजूड, नगरपालिकेने छापलेला.
मी वाचते. हिरव्या जाळ्यांच्या ढिगात त्या बसलेल्या,
सुया सरसर.
एकशे चाळीसाव्या पानावर जाळ्याची गाठ येते
आणि तिचं नाव.
सुया थांबतात.

'काय म्हणालीस?'
मी पुन्हा वाचते.
'असं कोण म्हणतं?' एर्मितास, वय एक्क्याऐंशी.
'आम्ही हिला विधवा म्हणतो.
एकदा बसली की सुटत नाही.'
'विधवा ती वेगळी, पलीकडच्या खाडीतली,' साबेला म्हणते.
'माझी आई हिला आळशी म्हणायची.'
'तुझी आई पलीकडच्या खाडीतलीच होती की!'

झालं. पुढचा पाऊण तास
पुस्तक माझ्या मांडीवर पालथं.
कुणाच्या सासूने कुठली गाठ माहेरून आणली,
कुणाचा नवरा न्यूफाउंडलंडच्या समुद्रातून
एक बास्क गाठ तेवढी घेऊन परतला, पगार नाही,
कुठल्या गॅलिशियन शब्दाला शाळेत छडी बसायची
आणि कुठला त्या छडीला पुरून उरला.

लेखक प्राध्यापक आहेत, मी हळूच सांगते.
'बोटींचा आकडा बरोबर दिलाय हो,' दोसिंदा म्हणते,
'जाळी मात्र आपली आपणच विणली गेली असावीत.'

एर्मितास सुई दातात धरते, हात पुढे करते:
पेन्सिल.
पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का आहे.
नियमांचा कागद मीच टाइप केलाय.
मी पेन्सिल देते.

दुसरीत शाळा सुटलेल्या अक्षरात, समासात: विधवा.
त्याखाली साबेला, जरा मोठ्या अक्षरात: आळशी.
मग इतका वेळ गप्प असलेली एउदोसिया
पुस्तक ओढून घेते, गाठच काढू लागते,
दोन फास, एक शेपूट,
खोडते, पुन्हा काढते, पुन्हा खोडते.
'हाताला येते,' ती म्हणते. 'कागदाला येत नाही.'

दीडशेव्या पानापर्यंत पोचायचं होतं.
एकशे चाळीसवरच हिरव्या दोऱ्याची खूण घालते.
पुढच्या गुरुवारी
पलीकडच्या खाडीतल्या बायकांना बोलवायचं ठरतंय.
भांडायला.
साबेला म्हणते, बोलवा,
पण बिस्किटं त्यांनी आणायची.